लक्झरी गाडी खाली घ्यायची पण मागं बसणाऱ्याची कंबर मोडू द्यायची नाही, त्यासाठी काय काय करायचं

आमच्याकडं मर्सिडिजची ई क्लास आहे, डब्ल्यू २१२ या मॉडेल कोडची, सेकंडहँड घेतलेली, साध्या स्टील स्प्रिंगवाली. गाडी साताऱ्यात आणली त्या दिवसापासनं एकच गोष्ट डोळ्यात सलायची, चाकाच्या वरच्या कमानीत एवढी मोकळी जागा की आख्खी मूठ आत जाईल. त्याचं कारण असं की भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लक्झरी गाड्या आपले रस्ते बघून कंपनीच मुद्दाम थोड्या उंच करून देते, त्यामुळं फोटोतली युरोपातली गाडी आणि आपल्या दारातली गाडी शेजारी ठेवली तर आपली पंज्यावर उभी राहिल्यासारखी दिसते. मला ती खाली घ्यायची होती. पण गाडीत मागं बसणार माझे वडील, आबा, आणि आबांचं मणक्याचं दुखणं पंधरा वर्षांचं जुनं आहे, तेव्हा दिसणं आणि बसणं दोन्ही जमवायचं होतं.

पहिल्यांदा मी चुकलो, आणि ती चूक आधी सांगतो कारण दहातले आठ जण हीच करतात. एका गॅरेजवाल्यानं ४५ एमएम खाली नेणाऱ्या स्प्रिंगा टाकून दिल्या, शॉकअप जुनेच ठेवले, ९० हजार किलोमीटर चाललेले. गाडी दिसायला एक नंबर झाली. मग डिसेंबरात पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेला निघालो, मागं आबा, आई, आत्या, डिकी भरलेली, आणि कोरेगावच्या पुढं एका ब्रेकरवर मागनं असा धाडकन आवाज आला की मला वाटलं ॲक्सलच तुटला. आबांनी पुढची सीट घट्ट धरली, बोलले काहीच नाहीत. पुसेगावात उतरल्यावर म्हणाले, "परत येताना मी एस्टीनं येतो, तू ये गाडी घेऊन." आणि खरंच एस्टीनं आले. तो शब्द मला अजून लागतो. त्या आठवड्यातच स्प्रिंगा काढल्या आणि मग सगळं नीट वाचून, मोजून, विचारून परत केलं. आता गाडी २२ एमएम खाली आहे, आबा मागं बसून झोपतात. ते कसं केलं ते सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, आराम गाडीच्या उंचीत नसतो, चाकाला वर जायला जी जागा उरलीय तिच्यात असतो. त्या जागेला ट्रॅव्हल म्हणतात. समजा कंपनीच्या उंचीवर चाक ८० एमएम वर जाऊ शकतं. ४५ खाली घेतली की उरले ३५. मागं तिघं बसले, डिकीत सामान पडलं, अजून वीस-पंचवीस गेले. आता हातात दहा-पंधरा एमएम राहिले आणि आपल्याकडचा कुठलाही ब्रेकर त्यापेक्षा जास्त मागतो. ट्रॅव्हल संपला की गाडी बंप स्टॉपवर बसते, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावर तो फोमचा किंवा रबराचा ठोकळा असतो त्याच्यावर, आणि तिथनं पुढं स्प्रिंग कितीही भारी कंपनीची असू द्या, तुम्ही रबराच्या ठोकळ्यावर बसून प्रवास करताय. लोक म्हणतात खाली घेतलेली गाडी कडक होते. माझं म्हणणं, स्प्रिंग कडक झाल्यानं जेवढा त्रास होतो त्याच्या कितीतरी पट बंप स्टॉपवर आपटल्यानं होतो, आणि हे दोन वेगळे आजार आहेत, औषधं पण वेगळी.

आता स्प्रिंगचा कडकपणा. गाडी स्वतःच्या वजनानं स्प्रिंगवर किती बसते त्यावरनं ती सेकंदाला किती वेळा झुलणार हे ठरतं. २५ सेंटिमीटर बसत असेल तर सेकंदाला साधारण १ झोका, १६ सेंटिमीटर असेल तर सव्वा, ११ वर आली की दीड. मऊ लक्झरी गाडी १ ते १.३ च्या आसपास असते, दीडच्या पुढं गेलात की स्पोर्ट्स गाडीच्या भाषेत बोलायला लागलात. माणसाच्या शरीराला वरखाली हादरा सगळ्यात जास्त झोंबतो तो ४ ते ८ हर्ट्झमधला, म्हणजे सेकंदाला चार ते आठ वेळा, आणि बंप स्टॉपवर बसलेली गाडी नेमकी त्या दिशेनं सरकते. पण एक दिलासा पण आहे यात. झोका कडकपणाच्या वर्गमुळानं वाढतो, त्यामुळं स्प्रिंग २० टक्के कडक घेतली तरी झोका ९-१० टक्केच वाढतो, १.२ चा १.३ होतो. एवढं पाठीला चालतं. थोडी खाली, थोडी कडक स्प्रिंग घेऊन बंप स्टॉप टाळता आला तर गाडी एकंदरीत मऊच वाटते, हे मी स्वतः अनुभवलंय.

आणि पुढच्या-मागच्या स्प्रिंगा एकाच किटमधल्या घ्या, पुढं एका कंपनीची मागं दुसऱ्या असं करू नका. ब्रेकरवर पुढचं चाक आधी उडतं, मागचं थोड्या वेळानं, म्हणून मागच्या बाजूचा झोका किंचित जलद ठेवतात म्हणजे तो पुढच्याला गाठतो आणि गाडी नाक वर-शेपूट खाली अशी होडीसारखी डुलत राहत नाही. हे मॉरिस ऑली नावाच्या इंजिनियरनं १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅडिलॅकसाठी काम करताना मांडलं, आजही गाड्या त्याच हिशोबानं बनतात. किट बनवणाऱ्यानं तो तोल धरलेला असतो, आपण मिसळ केली की तो गेला.

मग किती खाली घ्यायची? माझं मत, चार माणसं बसणारी घरची गाडी असेल तर पुढं २० ते २५, मागं १५ ते २०. मागं कमी का, तर वजन मागं पडतं. ३० च्या पुढं जाणाऱ्याला मी आपल्या जिल्ह्यात तरी नको म्हणेन. बऱ्याच कंपन्यांचं स्वतःचं स्पोर्ट सस्पेन्शन पण १०-१५ एमएमच खाली असतं, आणि ती उंची त्यांच्या इंजिनियर लोकांनी सगळ्या गोष्टी बघून ठरवलेली असते.

पैसे खर्च करायच्या आधी टेप घेऊन बसा. सपाट फरशीवर गाडी लावा, आधी पुढं-मागं थोडी हलवून घ्या म्हणजे चाकं मोकळी बसतात, टाकी अर्धी, टायरमध्ये बरोबर हवा. चाकाच्या मध्यापासनं कमानीच्या कडेपर्यंत चारी बाजूंनी मोजून वहीत लिहा. जमिनीपासनं मोजू नका कारण टायर झिजला, हवा कमी झाली की तो आकडा बदलतो. मग मागं तिघं बसवा, डिकीत सामान टाका, परत मोजा. हा दुसरा आकडा खरा. मग गाडीखाली वाकून सगळ्यात खालचा भाग कुठला ते बघा, बहुतेक वेळा इंजिनखालचं कव्हर किंवा सायलेन्सरचा पाइप असतो, तिथनं जमीन किती ते पण लिहा.

त्यानंतर तुमच्या रोजच्या रस्त्यावरचे ब्रेकर मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणं ब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा गोलसर असायला पाहिजे. माझ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २.८७ मीटर, म्हणजे अशा ब्रेकरवर दोन्ही चाकं चढलेली असताना मधे पोटाखाली फुगवटा येतो फक्त ६१ एमएमचा. पोटाखाली १०० एमएम क्लिअरन्स, म्हणजे मोकळी जागा, राहिला तरी गाडी आरामात निघते. पण गावागावांत लोकांनी स्वतः टाकलेला ब्रेकर असतो दोन-अडीच फूट रुंद आणि सहा इंच उंच, तो दोन चाकांच्या मधे पूर्ण मावतो, त्यामुळं पोटाखाली सगळेच्या सगळे १५० एमएम लागतात. अशा एका ब्रेकरमुळं सगळा हिशोब बदलतो. मी घरापासनं कोरेगाव, रहिमतपूर आणि यवतेश्वर घाट या तीन रस्त्यांवरचे ब्रेकर पट्टी आणि टेपनं मोजले, दोन रविवार गेले, पण २२ हा आकडा त्यातनंच आला. अजून एक गोष्ट आपल्याकडं बघायलाच लागते, ऊस. गळीत हंगामात भरलेल्या ट्रॉल्या जाऊन जाऊन डांबरात चाकोऱ्या पडतात आणि मधे उंचवटा राहतो. तुमची चाकं चाकोरीत आणि पोट उंचवट्यावर. ब्रेकरवर निदान हळू तरी करता येतं, चाकोरी मैलभर चालते. म्हणून मोजमाप नोव्हेंबर ते मार्चमधे करा, पावसाळ्याआधी नवीन डांबर पडल्यावर नको.

आता सामान. स्प्रिंग कापायची नाही, गॅसनं तापवून बसवायची नाही, हे कोणीही कितीही खात्रीनं सांगू द्या. तापवली की पोलादाचं पाणी उतरतं आणि ती बसत जाते नाहीतर तुटते, कापली की तिचं टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही आणि गाडी जॅकवर घेतली किंवा खड्ड्यावरनं उडाली की स्प्रिंग सैल होऊन जागेवरनं सरकू शकते. त्या गाडीत आपली माणसं बसणार असतात.

पर्याय ढोबळ तीन. एक, लोअरिंग स्प्रिंगा, आयबाक प्रो-किट किंवा एचअँडआर सारख्या, यातल्या बऱ्याच प्रोग्रेसिव्ह असतात म्हणजे सुरवातीला मऊ आणि दबत गेली तशी कडक. घरच्या गाडीसाठी मला हाच पर्याय आवडतो. दोन, कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र जोडलेला संच, यात उंची फिरवून कमीजास्त करता येते. केडब्ल्यू कंपनीच्या व्हेरियंट १ मधे फक्त उंची बदलते, व्हेरियंट ३ मधे शॉकअपचा दाबायचा आणि उलगडायचा दोन्ही जोर वेगवेगळा सेट होतो. चांगली गोष्ट आहे, पण ज्याला महिनाभर एक-एक क्लिक फिरवून बघायची हौस आणि वेळ आहे त्यानंच घ्यावी, नाहीतर लोक सगळ्यात खालच्या आट्यावर बसवतात आणि विसरतात. तीन, एअर सस्पेन्शन, म्हणजे स्टील स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या, त्याचं पुढं सांगतो.

आणि इथं माझी कळकळीची विनंती, स्प्रिंगपेक्षा शॉकअपवर जास्त पैसे घाला. स्प्रिंग वजन धरते, पण हादरा जिरवतो तो शॉकअप. मऊ स्प्रिंगसाठी बनवलेला, त्यात थकलेला शॉकअप कडक स्प्रिंगला आवरू शकत नाही, गाडी ब्रेकरनंतर दोन-तीन वेळा उड्या मारते, आणि मागं बसणाऱ्याला मळमळतं. शिवाय जुना शॉकअप लांब दांड्याचा असतो, गाडी खाली घेतली की तो कायम अर्धा दबलेला राहतो. बिलस्टाइनचं उदाहरण घ्या, बी४ म्हणजे कंपनीच्या मूळ शॉकअपच्या बदली, बी६ त्याच उंचीचा पण जोरकस, आणि बी८ खास खाली घेतलेल्या गाडीसाठी आखूड केलेला. कोनीचा स्पेशल ॲक्टिव्ह म्हणून एक येतो, तो बारीक बारीक जलद हादऱ्याला स्वतःहून सैल पडतो आणि मोठ्या झोक्याला घट्ट होतो, खडबडीत डांबरासाठी ही कल्पना मला फार आवडते. तुमच्या मॉडेलला कुठला बसतो ते पार्ट नंबर बघूनच घ्या, "हाच बसतोय" असं ऐकून घेऊ नका. त्याच वेळी वरचे टॉप माउंट, बंप स्टॉप, धूळ अडवणारे रबरी बूट आणि लिंक रॉड पण नवीन टाका, परत सगळं खोलायची मजुरी वाचते. बंप स्टॉप किटवाल्यानं सांगितलं असेल तेवढाच कापा, फिटरला वाटलं म्हणून नाही.

मर्सिडिजच्या स्टील स्प्रिंगवाल्या बऱ्याच गाड्यांत स्प्रिंगच्या वर रबराचा पॅड असतो, त्यावर ठिपके असतात, एक ठिपका पातळ, जास्त ठिपके जाड. मागची बाजू थोडी वर-खाली करायची असेल तर नवीन स्प्रिंग न घेता पॅड बदलून काम होतं. मला हे कळलं तेव्हा लय बरं वाटलं, कारण माझी मागची उजवी बाजू ५ एमएम खाली बसत होती ती यानंच सरळ झाली.

कायद्याचं पण सांगतो, लपवाछपवी नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करण्याबद्दल आहे, जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टानं कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाणारे बदल चालणार नाहीत असं म्हटलं, आणि नंतर आलेल्या कलम १८२ए प्रमाणं बेकायदा फेरफाराला मालकाला प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळं आधी आरटीओत जाऊन विचारा, इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवा आणि त्याचं उत्तर जपून ठेवा. आणि तुमच्या मॉडेलला कंपनीचंच स्पोर्ट सस्पेन्शन पार्ट नंबरनं मिळत असेल तर माझ्या मते तोच रस्ता सगळ्यात चांगला, उंची पण ठीक आणि आराम पण कंपनीनं तपासलेला.

फिटिंग. घरी करू नका, स्प्रिंग कंप्रेसर निसटला तर माणूस जातो, लिफ्ट असलेल्या आणि हे काम आधी केलेल्या फिटरकडंच जा. पण समोर उभं राहा आणि एक गोष्ट डोळ्यानं बघा, या सगळ्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची ही गोष्ट आहे. चाक गाडीला जोडणारे जे दांडे म्हणजे आर्म असतात, त्यांच्या टोकाला जे रबरी बुश असतात ते आत-बाहेर दोन्हीकडं धातूला चिकटवलेले असतात, ते फिरत नाहीत, पिळले जातात. गाडी लिफ्टवर, चाकं खाली लोंबकळलेली आणि तशातच फिटरनं बोल्ट आवळले तर रबर लोंबकळलेल्या जागेला सरळ राहतं, आणि गाडी जमिनीवर आली की कायमचं पिळलेलं. मग प्रत्येक बुश एक जादाची स्प्रिंग होऊन बसतो, गाडी कडक लागते, पूर्ण खाली पण बसत नाही, आणि वर्ष-दीड वर्षात रबर फाटून खडखड सुरू. बरोबर पद्धत म्हणजे सगळे बोल्ट हातानं बसवून ठेवायचे, गाडी चाकावर आणायची किंवा हबखाली, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाखाली, जॅक लावून चाकाचा मध्य ते कमान हे अंतर नवीन उंचीइतकं करायचं, आणि मग टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं, कंपनीच्या आकड्याला आवळायचं. माझ्या पहिल्या वेळी हे झालं नव्हतं. दुसऱ्या वेळी एमआयडीसीतल्या एका वयस्कर फिटरनं स्वतःहून जॅक लावला, मी न सांगता, तेव्हाच मला कळलं की आपण योग्य माणसाकडं आलोय. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, ब्रेकचा कॅलिपर पाइपवर लोंबत सोडला नाही ना, एवढं पण बघून घ्या.

नवीन स्प्रिंगा बसायला ५००-१००० किलोमीटर लागतात. पहिल्या दिवशी तात्पुरतं अलाइनमेंट करा, बसल्यावर पक्कं. गाडी खाली आली की चाकं वरनं आत झुकतात, त्याला कॅम्बर म्हणतात, आणि टो, म्हणजे वरनं बघितल्यावर चाकांची पुढची टोकं आत-बाहेर किती वळलीत ते, पण बदलतो. लोक कॅम्बरला घाबरतात पण टायर खरा खातो तो टो, चुकीचा टो असेल तर आतली कड बघता बघता तार दिसेपर्यंत जाते आणि बाहेरनं टायर नवा दिसतो. म्हणून आत हात घालून बघायची सवय लावा. २०-२५ एमएमपर्यंत बहुतेक वेळा कंपनीच्या हद्दीत बसतं, नाही बसलं तर मागं ॲडजस्टेबल आर्म घ्यावा लागतो. झेनॉन किंवा एलईडी लाइट आपोआप वरखाली होणारे असतील तर त्यांचा सेन्सर सस्पेन्शनच्या आर्मवर असतो, स्कॅनर लावून परत शून्य करून घ्या, नाहीतर रात्री खंबाटकी घाटात रस्ता सोडून भलतीकडंच उजेड पडतो.

टायरचं थोडक्यात, आर च्या पुढचा आकडा म्हणजे रिम किती इंची. २४५/४५ आर १७ ची भिंत ११० एमएम, २४५/४० आर १८ ची ९८, २४५/३५ आर १९ ची ८६. बाहेरनं चाक तेवढंच, रबराची उशी मात्र २४ एमएमनं कमी झाली. ज्याला आराम पाहिजे त्यानं गाडी खाली घेतल्यावर १७ वरच राहावं, अगदीच हौस असेल तर १८. शिवाय मोठी रिम जड असते आणि जड चाक खड्ड्यातनं उचलायला शॉकअपला जास्त झगडावं लागतं. रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे कडक भिंतीचे टायर असतील आणि बदलायची वेळ आलीच असेल तर साधे टायर आणि स्टेपनी, पाठीला फरक लगेच कळतो. हवा दाराच्या स्टिकरप्रमाणं, पंपावरचा पोरगा चाळीस भरून देतो तशी नाही.

एअर सस्पेन्शनवाल्यांसाठी. मर्सिडिजनं एअरमॅटिक नावाचं स्वतःचं एअर सस्पेन्शन १९९८ मधे डब्ल्यू २२० एस क्लासला आणलं, तेव्हापासनं लोकांनी एक युक्ती शोधलीय, उंची मोजणाऱ्या सेन्सरच्या काडीची लांबी बदलायची किंवा स्कॅनरनं शून्य बदलायचं, कॉम्प्युटरला वाटतं गाडी वर आहे, तो हवा सोडतो. पैसे कमी लागतात, पण ट्रॅव्हलचा हिशोब इथं पण सुटत नाही, उलट हवेची पिशवी दबलेल्या जागी कमी हवेवर काम करते आणि तिची घडी नव्या ठिकाणी पडते. १५-२० एमएमच्या वर मी जाणार नाही, आणि पिशव्या जुन्या असतील तर आधी साबणाच्या पाण्यानं गळती तपासा, गळकी पिशवी कॉम्प्रेसर जाळते.

सगळं झाल्यावर चाचणी एकट्यानं घेऊ नका. मी आधी एकटा पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमधनं हायवेला जाऊन आलो, तिथं तर सगळंच छान वाटतं. खरी परीक्षा म्हणजे मागं तीन माणसं, भरलेली डिकी आणि यवतेश्वरचा घाट, कारण वळणात गाडी कलते, त्यातच खड्डा येतो आणि बाहेरच्या चाकाचा ट्रॅव्हल सगळ्यात आधी संपतो. स्वतः मागं बसा, चालवायला दुसऱ्याला द्या. शॉकअपच्या दांड्यावर एक बारीक केबल टाय सैलसर बांधून ठेवला की दांडा शॉकअपमधे किती आत गेला ते घरी आल्यावर टाय बंप स्टॉपकडं किती सरकलाय ते बघून कळतं. माझा टाय पहिल्या फेरीत बंप स्टॉपला टेकून थोडा दबला होता, मागचा पॅड एक ठिपका जाड टाकला, पुढच्या फेरीत टेकला पण नाही.

हजार किलोमीटरला सगळे बोल्ट परत टॉर्क पान्यानं तपासा, चाकाच्या कमानीत आतनं घासल्याची खूण आहे का बॅटरी लावून बघा, स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवून. आणि काढलेल्या कंपनीच्या स्प्रिंगा भंगारात देऊ नका. तेल लावून, पुढची डावी, पुढची उजवी, मागची डावी अशा चिठ्ठ्या बांधून पोत्यात भरा आणि माळ्यावर ठेवा, आमच्या माळ्यावर त्या आईच्या पापडाच्या डब्यांशेजारी आहेत.